भिंत नाही, तरी न्यूमोनिया

पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीची कडक भिंतच नसेल, तर जीवाणू आजारी कसा पाडतो, असं कुणीही विचारेल. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये हा न्यूमोनिया करणारा, असाच बिनभिंतीचा जीवाणू बघा. त्याच्या एका टोकाला पी-१ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जोरावर तो श्वासनलिकेच्या पेशींना घट्ट चिकटतो आणि तिथेच हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. पेशींवरच्या केसांसारख्या बारीक रोमांची हालचाल मंदावते, कफ वर सरकत नाही आणि कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे पिच्छा सोडत नाही. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) भित्तिकेच्या बांधणीवरच घाव घालतं, त्यामुळे इथे ते फुकट जातं. घरात उरलेल्या त्या गोळ्या मुलांना कृपा करून देऊ नका! अ‍ॅझिथ्रोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक जीवाणूची प्रथिननिर्मिती रोखतं, म्हणून ते चालतं, पण डॉक्टरांनी तपासूनच (त्यालाही दाद न देणारे प्रकार चीन-जपानमध्ये बरेच सापडलेत).