गरुडाची गोष्ट खोटी निघाली, तर बोधही खोटा का?

वसुधा_६४
मागच्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान होतं. वक्त्यांनी गरुडाची गोष्ट सांगितली, तुमच्याही व्हॉट्सॲपवर आली असेल. ४० व्या वर्षी गरुडाची चोच वाकते, नख्या निकामी होतात, पिसं जड होतात. मग तो कड्यावर जाऊन खडकावर चोच आपटून पाडतो. नवी आली की तिने नख्या उपटतो, मग पिसं. १५० दिवस हे सोसलं की पुढे आणखी ३० वर्षं आयुष्य.
हे गेल्यावर दोन वर्षं मी घराबाहेर फारशी पडलेच नव्हते. त्या दिवशी टाळ्या वाजवताना डोळे भरून आले. रात्री जेवताना सांगितलं, तर सून (अकरावीला जीवशास्त्र शिकवते) म्हणाली, "आई, असं काही नसतं हो."
नसेना का! इसापाचा कोल्हा तरी कुठे बोलत होता?

रानवेडा
सूनबाई बरोबर आहेत. चोचीवरचं आवरण आपल्या नखासारखं असतं, वाढत राहतं आणि झिजत राहतं. आतलं हाड मोडलं तर परत येत नाही. चोच गेलेला शिकारी पक्षी मांस फाडणार कशाने? १५० दिवस सोडाच, काही आठवड्यांत उपाशी मरेल. पिसंही थोडी थोडी गळतात, नवी येतात, उडणं चालूच असतं. आणि ७० वर्षं कुठली? रानात गरुडाने तिशी गाठली तरी डोक्यावरून पाणी.
इसापाचा कोल्हा बोलतो तेव्हा पोरालाही ठाऊक असतं की ही गोष्ट आहे. इथे "निसर्गात असं घडतं" म्हणून सांगतात. राग त्याचा आहे.

टाळकरी
तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीची चिरफाड करायची असते. भागवताच्या ११ व्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यात अजगर आहे, कबुतर आहे, हत्ती, हरीण, मासा, कोळीसुद्धा. प्राण्यांकडून शिकणं ही आपली जुनी रीत.
गरुड नको तर धनेश पक्षी घ्या. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर आठवडेच्या आठवडे बारीक फटीतून तिला फळं भरवतो. रानकुत्री शिकार केल्यावर पिल्लांना आधी खाऊ देतात. हा गृहस्थधर्म नाही तर काय?

रानवेडा
रानकुत्र्यांचं मी ताडोब्यात पाहिलंय. चितळ अजून पुढच्या पायांवर उठायला धडपडत होतं आणि मागून खाणं सुरू झालं होतं. थोड्या वेळाने पिल्लं आली, मोठे बाजूला सरले. दोन्ही एकाच जागी, पंधरा मिनिटांत. प्रवचनात अर्धंच येतं.
वानरांच्या टोळीत नवा नर घुसला की तो आईच्या अंगावरची पिल्लं मारतो. १९६० च्या दशकात धारवाडजवळ हे नीट नोंदलं गेलंय. यावर बोध काढलेला कोणी ऐकलाय?

कट्टेकरी
आमच्या कंपनीत ट्रेनिंगला हाच गरुड दाखवला होता, मागे बासरीबिसरी लावून. दुसऱ्या महिन्यात चाळिशीपुढच्या अकरा जणांना नारळ दिला. खडक ज्याचा त्याने शोधायचा.

ओवीवाचक
टाळकरी, यादी नीट वाचा हो. हत्ती हत्तिणीच्या स्पर्शाला भुलून अडकतो, हरीण गाण्याला भुलतं, मासा गळाला लागतो, कबुतर पिल्लांच्या मायेने जाळ्यात जातं. यांच्यासारखे व्हा असं अवधूत म्हणतच नाही. यातले कितीतरी गुरू "असं करू नको" सांगणारे आहेत. त्याने कोणाला संत केलं नाही, आधी बघितलं.
त्या यादीत कुरर पक्षी आहे. त्याच्याकडे मांस असतं म्हणून बलवान पक्षी मागे लागतात, तो ते टाकतो आणि सुटतो. कुरर म्हणजे ऑस्प्रे (मासे धरणारा शिकारी पक्षी) धरला, तर मी हे भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर पाहिलंय. जानेवारीची सकाळ, मी होडीत. ऑस्प्रे पायात मासा धरून निघाला होता, दोन ब्राह्मणी घारी मागे. तीन गिरक्या झाल्या आणि मासा सुटला. एका घारीने तो पाण्यावरून उचलला, दुसरी आता तिच्या मागे! ऑस्प्रे बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर बसून पंख झटकत राहिला. मी हरखून गेलो. नावाडी म्हणाला, "रोजचंच हाय साहेब. आता दुसरा धरंल."

टाळकरी
म्हणजे नावाड्याचं ऐकून वैराग्य सोडायचं?

ओवीवाचक
सोडा कशाला? फक्त ते ऑस्प्रेच्या गळ्यात मारू नका. त्याला भूक लागलेली असते.

वसुधा_६४
कट्टेकरींचं वाचून हसले आणि मग कसंतरीच झालं. मला उभारी देणारी गोष्ट त्यांच्याकडे कशाला वापरली!
तरी खरं सांगू? गरुड अजून मनातून जात नाही. त्याच्यामुळेच दुसऱ्या दिवशी चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत गेले होते, आणि ते काही खोटं नव्हतं, रानवेडा. पण पुढच्या बैठकीत वक्त्यांना विचारणार आहे, त्यांनी हे कुठे पाहिलं.
सून भिगवणला नेते म्हणतेय. गुडघे दुखतात, होडीत चढणं जमेल का?

ओवीवाचक
जमेल. नावाडी हात देतो. उजाडायच्या आत पोचा आणि कानटोपी विसरू नका.