इथिओपिया ‘एका धर्मामुळे’ वाचला? काहीही!

अर्धाकप: परवा इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं की इथिओपिया गोऱ्यांच्या ताब्यात गेला नाही, कारण चौथ्या शतकात एझाना राजा ख्रिस्ती झाला तेव्हापासून राजा, चर्च, प्रजा सगळं एक. राहवत नाही म्हणून लिहितोय. १६२२ मध्ये सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला, तर त्याच्याच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजेनं इतकी बंडं केली की १६३२ मध्ये मुलाला, फासिलिदेसला, गादी देऊन तो बाजूला झाला. १८७८ च्या सुमारास सम्राट योहान्नेस चौथ्यानं वोल्लो प्रांतातल्या मुसलमान सरदारांना बाप्तिस्मा घ्यायला लावला. त्यातला मोहम्मद अली ‘रास’ (म्हणजे मोठा सरदार) मिकाएल झाला, आणि १८९६ मध्ये अडव्याच्या लढाईत चालून आलेल्या इटालियनांवर ओरोमो जमातीचं घोडदळ घेऊन तोच तुटून पडला! पुढे त्याचा मुलगा इयासू गादीवर आला, तर १९१६ मध्ये ‘हा मुसलमान झालाय’ म्हणत सरदारांनी त्याला खाली खेचलं आणि चर्चनं मान डोलावली. ही एकी?

डोंगरवाट: ‘कुणीतरी’ म्हणजे मी. नाव घ्यायला जड जातं का? अडव्याला सेंट जॉर्जचा ताबोत, म्हणजे चर्चमधली पवित्र पाटी, सैन्याबरोबर नेला होता, तो काय शोभेला?

अर्धाकप: बंदुका फ्रेंच आणि खुद्द इटालियनही होत्या. त्यांनाही नैवेद्य दाखवा.

मांडवीकाठ: गोव्याचं नाव कुणी काढणारच नाही म्हणा! अदाल सल्तनतीच्या इमाम अहमदनं इथिओपियातली चर्चं जाळत आणली तेव्हा १५४१ मध्ये वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हांव ४०० बंदूकवाले घेऊन उतरला. ते आरमार गोव्याहूनच निघालं होतं. सुसेन्योसला फितवणारे जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्रीही आमच्याकडूनच गेले. तिथून हाकललेला त्यांचा पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) मेंदेस शेवटी १६५६ मध्ये गोव्यातच वारला.

वेरूळवाला: आणि मलिक अंबर? इथिओपियातल्या हरारकडचा पोरगा, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ता झाला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्यानं वसवली, तिथली पाण्याची नहर त्याची. आमच्या शहराच्या नावावरून भांडणाऱ्यांना हे ठाऊक तरी आहे का?

डोंगरवाट: झालं! आता शहराचं नाव!

वेरूळवाला: का, झोंबलं? मोगलांना गनिमी काव्यानं जेरीस आणणाऱ्याची कबर खुलताबादला आहे. गेलायत कधी?

डोंगरवाट: गेलोय. तुमच्यासारखी पावती दाखवत फिरत नाही. आणि शहाजीराजेही भातवडीच्या लढाईत मोगलांशी लढलेत हो, सगळं अंबरच्या खात्यावर नको.

वेरूळवाला: लढले, अंबरच्याच बाजूनं!

निवृत्तमास्तर: जरा थांबा रे पोरांनो. माझे मामा बादशहा हैले सेलासीच्या काळात इथिओपियात गणित शिकवायला होते. शाळेच्या जेवणाला बकरे दोन कापायचे, एक ख्रिश्चनांनी, एक मुसलमानांनी. एकमेकांनी कापलेलं मटण खात नाहीत तिथे. मामा शाकाहारी, दोन्हीकडचे त्यांनाच पंच करायचे! ईदला सरकारी सुट्टी मिळाली ती बादशहा गेल्यावर, दर्ग या लष्करी राजवटीत. त्याच दर्गनं पुढे इथिओपियन चर्चच्या पॅट्रिआर्क तेवोफिलोसला ठार मारलं.

डोंगरवाट: बरं, एक धर्म नव्हता. ‘एक झेंडा’ म्हणतो, झालं समाधान?

अर्धाकप: इथिओपियातून फुटून निघालेल्या एरिट्रियात जाऊन म्हणून बघा.

वेरूळवाला: भातवडी राहिली! १६२४, विसरू नका.