शेळ्यांच्या जंतावर बाभळीच्या शेंगा खरंच चालतात का?

रानशेळी: आमच्या उस्मानाबादी शेळ्यांना पावसाळ्यात जंतांचा लई त्रास होतो, जबड्याखाली सूज येते, अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजलं तरी फरक नाही. कुणी म्हणतं बाभळीच्या शेंगा चारा, कुणी म्हणतं कडुनिंब पाजा. कुणाला अनुभव?

डॉक_गुरांचा: जबड्याखाली पाणी उतरलंय म्हणजे बहुतेक हिमॉन्कस नावाचा जंत, तो चौथ्या पोटात बसून रक्त पितो. अल्बेंडाझोलला दाद न देणारे हिमॉन्कस जगभर झालेत, म्हणून आधी जंतांच्या अंड्यांसाठी लेंडी तपासा, औषध दिल्यावर दोनेक आठवड्यांनी परत तपासा. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं आणि लॅबमध्ये टॅनिनने जंतांची अंडी कमी फुटतात, अळ्या मंदावतात हे दिसलंय, पण काचेच्या नळीत मरणं वेगळं आणि शेळीच्या पोटात मरणं वेगळं, तिथे टॅनिन पातळ होतं, प्रोटीनला चिकटतं. जास्त टॅनिन झालं तर शेळी चाराच कमी खाते.

माळरान७: आम्ही शेंगा चारतो, जनावरं खूश असतात, पण जंत गेले असं छातीठोक नाही सांगणार. अन सुबाभूळ फार नको, त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात.

गोचीडत्रस्त: गोचिडांना सीताफळाच्या बियांची पूड लावतात ना?

डॉक_गुरांचा: बियांमध्ये किडे मारणारी द्रव्यं आहेत खरी, पण पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, जनावराच्या पण अन तुमच्या पण. रानशेळी, डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, पांढरी फटक दिसली म्हणजे रक्त कमी झालंय, मग शेंगांची वाट बघू नका, आजच डॉक्टरला बोलवा.