मदत हवी आहे: डोरेमॉनचं डोकं नीट मिटत नाही, शेवटच्या जोडाला फट पडते

डोरेमॉनचं कागदी मॉडेल करतो आहे. त्याची ठरलेली उंची १२९.३ सेंमी, ती १:६ प्रमाणात २१.५ सेंमी घेतली. डोक्याचा व्यास १० सेंमी, १२ पाकळ्या (दोन्ही टोकांकडे निमुळते होणारे उभे तुकडे). ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) मॉडेल, पेपाकुरात (मॉडेलचे सपाट कागदी तुकडे करणारं सॉफ्टवेअर) उलगडलं, २२० जीएसएम आयव्हरीवर (जाड कागद) इंकजेटने छापलं. आधी दोन्ही टोकं चिकटवली, मग कडा जोडत गेलो.

आता मागच्या शेवटच्या जोडाला मधोमध ६ मिमी फट आहे आणि टाळूवर टेंगूळ आलंय. गळ्याचा लाल पट्टा ६० मिमी व्यासाचा हवा, तो ५८ भरतो (ते पान नंतर मोबाइलवरून छापलं होतं). शिवाय सगळ्या जोडांवर पांढऱ्या रेघा दिसतात. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

पट्ट्याचं आधी, कारण ते सोपं आहे. मोबाइलवरून छापताना 'पानात बसवा' चालू राहिलं असणार. ६० चे ५८ म्हणजे साधारण ९७ टक्के. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ टाका आणि कात्री लावण्याआधी पट्टीने मोजा.

फटीचं कारण चिकटवण्यात आहे. पाकळीची कड टॅबच्या (गोंद लावायच्या पट्टीच्या) रेघेवर थांबायला हवी. प्रत्येक जोडाला ती अर्धा मिमी पुढे सरकली तरी १२ जोडांत ६ मिमी जातात. त्यात तुम्ही टोकं आधी बांधली, त्यामुळे ही चूक वाटून जायला जागाच उरली नाही. उलट क्रमाने जा: मधल्या रेषेपासून सुरुवात, दोन-दोन पाकळ्यांच्या सहा जोड्या, मग दोन अर्धगोल, शेवटी ते एकमेकांना.

पाकळ्यांची मापं एकदा पडताळा. मध्यावर रुंदी २६.२ मिमी, तिथून टोकाकडे २६ मिमीवर २२.७, ३९ वर १८.६, ५२ वर १३.३, ६५ वर ७.०. टोकापासून टोकापर्यंत लांबी १५७.

टेंगूळ येणारच, कारण १२ टोकं आणि त्यांचे टॅब एकाच बिंदूवर चढतात. प्रत्येक टोक ५ मिमी छाटा आणि वरून १४ मिमीची गोल चकती लावा. गोलाची उंची त्याने अर्धा मिमीही कमी होत नाही.

कागदाचा धागाही (तंतूंची दिशा) बघा. पाकळी लांबीच्या दिशेने वाकवायची असते, म्हणून धागा तिच्या रुंदीला समांतर हवा. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वळतो त्या घडीच्या रेषेला धागा समांतर असतो. धागा उलटा असेल तर पाकळी वळत नाही, मोडते, आणि डोकं चेंडूऐवजी कंदिलासारखं कोनदार दिसतं. चिकटवण्याआधी पाकळी माउसपॅडवर उलटी ठेवून चमच्याच्या पाठीने चोळा, गोलाई आपोआप येते.

प्रतिसाद २

पांढऱ्या रेघा म्हणजे कापलेली कड. कापल्यावर प्रत्येक कड त्याच निळ्या स्केचपेनने, पेन आडवं धरून, रंगवा. छापतानाच रंग टॅबवर ३ मिमी पुढे न्या, म्हणजे जोड किंचित सरकला तरी खाली निळंच दिसेल. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने, अगदी पातळ. जास्त झाला की कागद पाणी पितो, जोडाला खळगा पडतो आणि इंकजेटची शाई पसरते.

चेहऱ्यासाठी एक जोड बरोबर समोर घ्या. दोन डोळे एकमेकांना टेकतात तिथून तो उतरतो, नाकाखालून जातो आणि नाक ते तोंड या काळ्या रेषेत संपूर्ण लपतो. जोड अर्धी पाकळी बाजूला सरकला तर मात्र तो डोळ्याच्या मधून जातो, आणि तिथे पाव मिमीचा फरकही लगेच खटकतो. डोळे आणि नाक वेगळे कापून वरून चिकटवा. सहा मिशा छापू नका, जोडांवर तुटतात. सगळं वाळल्यावर जेल पेनने ओढा.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. समोरचा जोड नाकावरच आहे. झालेलं डोकं वाचेल का, की पुन्हा छापू?

प्रतिसाद १

वाचेल. १२ ही सम संख्या असल्याने नाकाच्या जोडाच्या बरोबर मागेही जोडच आहे, म्हणजे फट पूर्ण निळ्या भागात आहे. आतून १२ मिमी रुंद साध्या कागदाची पट्टी एका कडेला लावा, वाळू द्या, मग दुसरी कड टेकवा. वरून मधोमध ६ मिमी आणि टोकांकडे निमुळता निळा तुकडा बसवा. टाळूचं टेंगूळ ब्लेडने कापून चकती लावा. पट्टा मात्र १०० टक्क्यांवर नव्याने छापा.