फवारणीच्या औषधातून वाचलेल्या कुत्र्याला तिसऱ्या दिवशी मान का उचलता येत नाही?

प्रश्न (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

आमचा शेरू चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे आणि रात्री जागलीला तो माझ्यासोबत शेतात असतो. परवा सकाळी कपाशीवर प्रोफेनोफॉस फवारायचे होते. धुऱ्यावर औषध कालवून मी पंप भरत असताना बादलीत उरलेले पाणी तो प्यायला आणि ते माझ्या लक्षातच आले नाही. अर्ध्या तासात तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबू लागली, अंग थरथरू लागले, जागेवरच जुलाब झाले आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या. मुलाने त्याला मांडीवर घेतले आणि आम्ही मोटारसायकलने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचलो. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने आणि सलाईन दिल्यावर संध्याकाळपर्यंत लाळ थांबली. काल त्याने शेपटी हलवली, तेव्हा संकट टळले असेच आम्हाला वाटले. आज सकाळपासून मात्र तो हनुवटी जमिनीला टेकवून पडला आहे आणि मान उचलायला गेला की ती खाली पडते. हाक मारली की डोळे वळवतो. घरची मंडळी म्हणतात की हा अशक्तपणा आहे, दूध-तूप पाजा. काय करावे?

उत्तर (हिंगणघाट, जि. वर्धा)

दूध-तूप पाजू नका आणि उद्याची वाट न पाहता आजच त्याला परत दवाखान्यात न्या. मी अनेक वर्षे पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केले आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो. प्रोफेनोफॉससारखी औषधे नसांकडून स्नायूंना मिळणारा इशारा थांबवणाऱ्या घटकालाच निकामी करतात. अ‍ॅट्रोपिनमुळे लाळ, जुलाब आणि छातीतला ओलावा आटोक्यात येतो, पण स्नायूंच्या दुर्बलतेवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच पहिली लक्षणे ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, काही जनावरांची मान आणि पुढचे पाय लुळे पडतात. खरी भीती मानेची नसून श्वासाच्या स्नायूंची आहे. तो शांत पडलेला असताना छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा ३० च्या वर राहत असेल, श्वास उथळ वाटत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब करू नका. औषधाची बाटली किंवा निदान तिच्यावरचे लेबल सोबत न्या, कारण ‘पॅम’ म्हणून ओळखले जाणारे दुसरे औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. ते जितक्या लवकर मिळेल तितके बरे. गाडीची सोय होत नसेल, तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

उत्तर (अकोट, जि. अकोला)

आमच्या कुत्रीला असेच झाले होते, आणि आमची चूक अशी की दोन दिवस आम्ही तिच्या अंगावरचे औषध धुतलेच नव्हते. ती अंग चाटायची आणि तेच विष पुन्हा पोटात जायचे. केसांना औषध लागले असेल, तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुऊन काढा, मात्र थंडी वाजू देऊ नका. दर दोन तासांनी कूस बदला आणि खाली घडी केलेली गोधडी ठेवा, नाहीतर कोपरांना जखमा होतात. तोंडात जबरदस्तीने काहीही ओतू नका. गिळता येत नसताना पाजलेले पाणीसुद्धा फुप्फुसात जाते. आम्ही डॉक्टरांनी सांगितल्यावरच, छातीला आधार देऊन, पेजेचे एकेक बोट चाटवले होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (पाच दिवसांनी)

आपणा दोघांचे मनापासून आभार. त्याच दुपारी शेरूला नेले, तेव्हा श्वासांचा आकडा ३८ भरला होता. डॉक्टरांनी लेबल पाहून पॅम दिले, अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतील तज्ज्ञांशी फोनवर बोलून घेतले आणि दोन रात्री त्याला दवाखान्यातच ठेवले. मुलगा रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसून होता. काल सकाळी शेरूने प्रथमच मान उचलली, ती थोडा वेळ थरथरली आणि मग सावरली. आज तो भिंतीला टेकून चार पावले चालला. पुढचा उजवा पाय अजून घसरतो, आणि तो बरा व्हायला काही दिवस लागतील असे डॉक्टर म्हणतात. फवारणीची बादली आता झाकण लावून बंडीवरच ठेवतो.