अमेरिकेतल्या दादाने डीएनए किट पाठवलंय, थुंकी द्यावी का?

गुहागरकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात, मी कामासाठी चिपळूणला. चुलत दादा न्यू जर्सीत असतो, त्याला सध्या वंशावळीचं वेड लागलंय, स्वतःची टेस्ट केलीच आणि आता गणपतीला त्याचा कोणी मित्र येत होता त्याच्याबरोबर आमच्यासाठी पण किट पाठवलीत. नळीत थुंकायचं आणि तो मित्र परत जाताना त्याच्याकडे द्यायचं, मग म्हणे मूळ कुठलं, कोणते आजार होऊ शकतात, जगात नातेवाईक कुठे कुठे आहेत सगळं कळतं. आई तयार आहे, काका तर एका पायावर, त्यांना बघायचंय आपण मूळचे घाटावरचे की आणखी कुठले. बायको म्हणते कशाला उगाच. मन माझंही होत नाहीये पण "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय" असं काका म्हणाले की मला उत्तर सुचत नाही. या डेटाचं पुढे काय होतं नक्की?

आंबा_घाट
२३अँडमी या अमेरिकेतल्या डीएनए टेस्टच्या कंपनीचं प्रकरण वाचा आधी. २०२३ मध्ये हॅकर लोकांनी दुसरीकडून लीक झालेले जुने पासवर्ड तिथे वापरून साधारण १४ हजार खाती उघडली, पण माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची. कारण "नातेवाईक शोधा" ही सोय चालू ठेवली की तुमची माहिती तुमच्या मॅच झालेल्यांना दिसते, म्हणजे पासवर्ड बावळटासारखा ठेवला कुणीतरी लांबच्या भावाने आणि उघडे पडलात तुम्ही. त्यात ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून विकायला काढल्या होत्या, मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. मग मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड कोटी गिऱ्हाइकांचा डेटा हीच मुख्य मालमत्ता, शेवटी संस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला घेतली. दुसरा कोणी घेणारा निघाला असता तर थुंकणाऱ्याला कोण विचारणार होतं?

देवबागचो
थुकी पण आपलीच आणि पैशे पण आपणच देवचे, बरा आसा 😄
मी केलीय टेस्ट, काही आभाळ कोसळलं नाही. रिपोर्टात काय तर दक्षिण आशियाई, ते मला आरशात पण दिसतं. देवबागच्या माणसाचा डीएनए घेऊन कोण काय करणार, उगाच घाबरवू नका लोकांना.

लॅबवाली_ताई
देवबागकर, तुम्ही एकट्याचा दिलेला नाही ना पण. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा डीएनए सारखा, चुलत भावंडांत साडेबारा टक्क्यांच्या आसपास. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो हा जुना खुनी सापडला तो असाच, त्याने कधी कुठे टेस्ट केली नव्हती, लांबच्या नातेवाइकांनी जीईडीमॅच या डीएनए जुळवणाऱ्या वेबसाइटवर टाकलेल्या डेटावरून पोलीस पोचले. तो पकडला गेला हे उत्तमच, पण पद्धत सगळ्यांना लागू होते. आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सोयरिकी त्याच पाचपन्नास गावांत, त्यामुळे मॅच आहे त्यापेक्षा जवळची दिसते आणि नातं भलतंच सांगितलं जातं.

आजारांचं म्हणाल तर मी स्वतः लॅबमध्ये आहे म्हणून सांगते, त्या रिपोर्टावर विसंबू नका. २०१८ ला अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी बीआरसीए या जनुकांची जी घरगुती टेस्ट मंजूर झाली ती त्यांतल्या हजाराहून जास्त बदलांपैकी फक्त तीन बघत होती, आणि ते तीन मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या एका गटाच्या ज्यूंमध्ये सापडणारे. कोकणातल्या बाईला "निगेटिव्ह" आलं तर त्याचा अर्थ जवळजवळ शून्य. घरात खरंच कॅन्सर असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेनेटिक काउन्सेलर गाठून करा.

विमा पण लक्षात घ्या. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये म्हणून २००८ चा जीना कायदा आहे, तो आरोग्य विमा आणि नोकरीपुरता, आयुर्विम्याला लागू नाही. आपल्याकडे तसा वेगळा कायदाच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात जनुकीय माहितीचा वेगळा वर्ग नाही, आणि दादाने तिकडे विकत घेतलेल्या किटसाठी तुम्ही इथून तक्रार करून काय पदरात पडणार ते तुम्हीच बघा.

सातबारा_प्रेमी
काकांना सांगा, लपवण्यासारखं तुमच्याकडे नसेल, आजोबांकडे असेल तर? सावत्र भावंड, दत्तक, कुणाचा कोण. कोकणात असली बातमी वाडीत फिरून थांबत नाही हो, ती सातबाऱ्यावर जाते, मग वारस, मग दिवाणी कोर्ट, आणि आमराई तशीच पडून.
वंशावळच हवी तर तलाठ्याकडे जुने फेरफार काढा, देवस्थानाचे कागद बघा, त्र्यंबकेश्वरला तुमच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही पण मिळेल.

गुहागरकर
सगळ्यांचे आभार. सातबाऱ्याचं ऐकून काका एकदम गप्प झाले, आधीच एक तुकडा कोर्टात आहे 😅 त्र्यंबकला जाऊया म्हणतायत. पण दादाने तर आधीच दिलीय, त्याचं काय?

लॅबवाली_ताई
त्याला सेटिंगमध्ये जाऊन नातेवाईक शोधायची सोय बंद करायला सांगा, संशोधनाची संमती काढून घ्यायची, नमुना नष्ट करा असं कळवायचं आणि मग खातं डिलीट. क्रम हाच ठेवा. ज्या संशोधनात डेटा आधीच वापरला गेला तिथून तो परत येत नाही, आणि लॅब कायद्यापुरतं थोडं ठेवते. तुमच्याकडची किट न उघडता त्या मित्राबरोबरच परत पाठवा.