मदत हवी आहे: पावसाळ्यात सौर वाहिनीवर दुपारी व्होल्टेज चढते

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला 5 मेगावॅटचा प्रकल्प आहे. 33/11 केव्ही उपकेंद्रापर्यंत 4 किमी डॉग कंडक्टर (पोलादी गाभ्याची अ‍ॅल्युमिनियम तार), ट्रान्सफॉर्मर 5 एमव्हीए. उन्हाळ्यात पंप चालू असले की सगळं सुरळीत. पाऊस लागला, पंप बंद झाले, की 12 ते 2 मध्ये वीज उलटी 33 केव्हीकडे जाते. उपकेंद्रात 11.2 केव्ही, प्रकल्पाच्या टोकाला 11.7, म्हणजे +6 टक्क्यांची मर्यादा (11.66) ओलांडली. इन्व्हर्टर (सौर वीज एसी करून वाहिनीत सोडणारे) ओव्हरव्होल्टेजवर एकामागोमाग ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, व्होल्टेज उतरतं, सगळे एकदम परत येतात आणि पुन्हा तेच.

आकडेमोड जुळते: लाइनचा रोध साधारण 1.1 ओहम, त्यामुळे सुमारे 500 व्होल्टची चढ. इन्व्हर्टर 0.95 पॉवर फॅक्टरवर (एकूण विजेत प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचा वाटा) रिअ‍ॅक्टिव्ह (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज चढवणारी-उतरवणारी वीज) शोषायला लावले तर 1.6 एमव्हीएआर घेऊन 200 व्होल्ट उतरतील. पण ही शोषलेली वीज 33 केव्हीकडूनच येणार, उपकेंद्राचा पॉवर फॅक्टर ढासळणार. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) खाली घ्यावा तर रात्री गावठाणाला व्होल्टेज कमी, आणि हा टॅप बदलायला ट्रान्सफॉर्मर बंद करावा लागतो.

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा: स्थिर पॉवर फॅक्टर ठेवलात की व्होल्ट-व्हार वक्र (व्होल्टेज चढेल तसं शोषण वाढवणारा)? वक्र असेल तर शोषण किती केव्हीला सुरू केलं? इन्व्हर्टर परत येण्याच्या वेळा पुढेमागे ठेवून फरक पडला का? उपकेंद्रातला कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारणारा, पण व्होल्टेजही चढवणारा) दुपारी बंद ठेवता का? स्वच्छ वीज भर दुपारी वाया जाताना बघवत नाही.